डोनेशन म्हणू नका, देणगी म्हणा

डिसेंबर 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या 1998 च्या बॅचने रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेला 57 कोटी रुपये द्यायचं जाहीर केलं. ती बातमी आमच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला पडली. खाली एकाने लिहिलं, "पुढच्या वर्षी आपलीही पंचविशी. 57 लाख तरी?" त्यावर अंगठे, टाळ्या, एक नाचणारा माणूस. सकाळी उठून बघते तर समिती तयार आणि खजिनदार म्हणून माझं नाव. का, तर "तू पुण्यातच आहेस आणि ट्रिपचा हिशेब तूच ठेवायचीस." त्या ट्रिपमधले अठरा रुपये माझ्याकडून अजून यायचे आहेत, हेही एकाने तेवढ्यात चिकटवून दिलं.

आम्ही मेकॅनिकलचे. 1995 ला आत गेलो, 1999 ला बाहेर पडलो. पुण्यातलंच एक विनाअनुदानित कॉलेज, नाव सांगत नाही. वर्गात साठेक जण, त्यात मुली चार. त्या चौघींतली मी एक. गेली वीस वर्षं चाकणला नोकरी करते, म्हणजे आयुष्यातला बराचसा भाग नाशिक फाट्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये गेला आहे. देणगी मागायचे बरेचसे फोन मी तिथूनच केले.

पहिले दोन महिने काय द्यायचं यावरच गेले. सगळ्यात जास्त मतं कमानीला. कॉलेजच्या गेटवर कमान, खाली ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर आमच्या बॅचचं साल. कमानवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: दिसलं पाहिजे. गणपतीची वर्गणी दिली तरी मांडवाबाहेरच्या फलकावर नाव येतं, मग लाखभर रुपये देऊन इथे नको? मला कमान नको होती, पण तिच्याऐवजी काय हवं हेही सांगता येत नव्हतं. म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सरळ कॉलेजात जाऊन उभी राहिले.

वर्कशॉपचे मामा आता निवृत्तीला आलेत. त्यांनी मला नावाने ओळखलं नाही, "त्या चौघींतल्या ना?" म्हणून ओळखलं. आत तोच वास, कुलंटचा आणि लोखंडाच्या किसाचा. आमच्या वेळी त्या अख्ख्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. स्मिथी शॉपचं, म्हणजे लोहारकामाचं, प्रॅक्टिकल असलं की आम्ही चौघी सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. नाहीतर मैदान ओलांडून ऑफिसच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर जायचं, आणि परत आलं की सर विचारणार, "कुठे फिरायला गेला होता?" आता कोपऱ्यात दार दिसलं. 'महिला प्रसाधनगृह', स्टीलची पाटी, खाली कुठल्याशा आधीच्या बॅचचं साल. मला इतकं बरं वाटलं की मी हँडलला हातच घातला. कुलूप होतं.

"पाइप फुटलाय मॅडम, दिवाळीपासून," मामा म्हणाले. "बांधायला हेड होतं. प्लंबरला हेड नाही."

हेड म्हणजे बजेटमधलं खर्चाचं शीर्षक. हे वाक्य मी पुढे वर्षभर लोकांना ऐकवलं. आता त्या वर्गात वीस मुली आहेत, आणि त्या मैदान ओलांडून जातात.

तिथून मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाची लॅब. लाकडी डब्यांत मखमलीवर ठेवलेले बारा डिजिटल व्हर्नियर, जाडी-व्यास मोजायचे. मी एक उचलून बटण दाबलं, पडदा कोरा. दुसरा, कोरा. बारापैकी नऊ बंद. लॅब असिस्टंट तरुण मुलगा होता, तो ओशाळून म्हणाला, "सेल संपलेत मॅडम. एलआर 44." म्हणजे घड्याळात असतो तसला बटणाएवढा सेल. मागणीपत्र लिहायचं, तीन कोटेशनं जोडायची, ते वर जाणार, तिथून प्रश्न येणार की मागच्या वर्षीच्या सेलचं काय झालं. तोवर सेमिस्टर संपतं. पुढच्या शनिवारी मी पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून दहाची एक पट्टी घेऊन गेले. समितीच्या त्या दिवशीच्या चहापेक्षा स्वस्त पडली. झाकणं काढून एकेक सेल बसवत गेलो. सात पडद्यांवर 0.00 उमटलं. उरलेले दोन मेलेच होते. जुने सेल आतच फुटून त्यांची हिरवट-पांढरी पूड पत्र्याच्या जिभेवर चढली होती. काही हजारांचं उपकरण वीस रुपयांच्या सेलसाठी गेलेलं.

मी ग्रुपवर त्या दोन मेलेल्या व्हर्नियरचा फोटो टाकला आणि प्रस्ताव लिहिला: कमान नको. थोड्या पैशांची उपकरणं आणि दुरुस्त्या, बाकीचे कायम निधीत. दहा लाखांची मुदत ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला सत्तर हजार येतात. सेल, ड्रिल, टूल बिट, प्लंबर, सगळं त्यात बसतं. फक्त त्या सत्तर हजारांना हेड लागू नये, लॅबच्या प्रमुखांच्या सहीने खर्च व्हावेत.

चार तास कोणीच काही लिहिलं नाही. मग एक जण: "मेंटेनन्स सोसायटीला देतो तेवढा पुरे आहे."

त्याचं चूक नव्हतं. कुठल्याशा सेलवर कोणाचं नाव कोरता येणार आहे? पण समितीतल्या दोघांना ते पटलं, आणि कमानवाल्यांचा म्होरक्या त्या आठवड्यात नेमका दुबईला गेला. असे निर्णय असेच होतात.

आता पैसे. पहिल्यांदा एक छान पत्र तयार केलं. त्यात 'मातृसंस्था' होती, 'ऋण फेडण्याची वेळ' होती, खाली बँक खात्याचा क्रमांक. पत्र गेलं 58 जणांना, पैसे आले दोघांचे. त्यातली एक मी. मग फोन सुरू केले. फोनवर मला एक सवय लागली. माणूस हो म्हणाला की शेवटी विचारायचं, "पण का देतोयस रे?" आणि उत्तर वहीत लिहायचं. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर ती उत्तरं अजून आहेत.

'ऋण' हा शब्द त्यात एकदाही नाही.

नाशिकच्या एकाने पहिल्याच फोनला 11,000 सांगितले. तिसऱ्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तो गावाहून उशिरा पोचला, खिडकी बंद झाली होती. ऑफिसमधल्या क्लार्कने खिडकी परत उघडली आणि लेट फीचे पन्नास रुपये स्वतःच्या खिशातून भरले. "मी ते परत दिलेच नाहीत. पास झालो आणि विसरलो. नोकरी लागल्यावर आठवलं, तेव्हा ते रिटायर झालेले." क्लार्कचं नाव त्याला आठवत नाही. कॉलेजबद्दल चांगलं असं दुसरं काही तो बोलला नाही.

एकाने दिले ते त्याचा मुलगा यंदा इंजिनिअरिंगला दुसरीकडे लागला म्हणून. "त्याची फी भरताना हात थरथरला. माझ्या बापाचा किती थरथरला असेल." एकाने दिले ते सरळ मला नाही म्हणता येईना म्हणून, आणि त्याने ते तसं सांगितलंही. याला मी कमी लेखत नाही. आमच्या चौतीस देणगीदारांपैकी निदान दहा जणांनी दिलं ते मागणारा माणूस ओळखीचा होता म्हणूनच. स्टुटगार्टमधल्या मित्राने कारण सांगितलं नाही, फक्त विचारलं, "फिटिंग शॉपचे सर आहेत?" सर 2011 ला गेले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि जेवढे सांगितले होते त्याच्या दुप्पट पाठवले. आम्ही बाकीचे जीटी मारून ड्रॉइंग शीट सबमिट करायचो, म्हणजे टेबलाच्या काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट छापायची. याच्या शीटची सगळा वर्ग जीटी मारायचा. सरांनी एकदा सगळ्या शीट एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. साठ शीटमध्ये एकच चूक, एकाच जागी. त्यांनी शिक्षा फक्त याला केली. तेवीस वर्षं जर्मन गाड्यांची ड्रॉइंग करणारा माणूस ती शिक्षा अजून सांगतो, आणि कौतुकाने सांगतो.

'ऐंशी-जी मिळेल ना?', म्हणजे देणगीवरची आयकर वजावट, हे मात्र प्रत्येकाने विचारलं. सवलतीसाठी कोणी देत होतं असं मला वाटत नाही. मंडईत कोथिंबीर घ्यायचीच असते, तरी भाव विचारतो, तसं ते. सांगून ठेवते, कारण मला फार फोन आले: आमच्या कॉलेजच्या ट्रस्टसारख्या ठिकाणी दिलेल्या रकमेच्या 50 टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. 2,000 च्या वर रोख दिली तर काहीच नाही. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर वजावट मुळातच नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी नवीच घेतलेली होती. हे कळल्यावरही पैसे परत मागणारा एकही निघाला नाही. पुढच्या मे अखेरीस ट्रस्टने 10-बीडी हे देणग्यांचं विवरण भरून प्रत्येकाला 10-बीई हा देणगीचा दाखला द्यायचा होता. त्यात तिघांचे पॅन चुकले, ते निस्तरलं.

खरा वेळ गेला तो पैशात नाही, पत्रांत. कायम निधीसाठी, ज्याला कॉर्पस म्हणतात, देणगीदाराची तशी स्पष्ट लेखी सूचना लागते. नाहीतर ट्रस्ट ती रक्कम चालू खर्चात धरू शकतो. सीएने सांगितलं, एकत्रित पत्र चालणार नाही, प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे सहीची चौतीस पत्रं. चाळीस हजार पाच मिनिटांत पाठवणारी माणसं एका सहीला सहा आठवडे लावतात. एकाने पत्राचा फोटो काढला तो पोहे खाताना, त्यावर तेलाचा डाग. सीएने तो फाइलला तसाच लावला.

माजी विद्यार्थी संघटनेच्या खात्यातून का नाही केलं, असं कोणी विचारेल. अशी एक संघटना होती. कागदावर. तिच्या विश्वस्तांपैकी एक वारलेले, दोन परदेशात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्जच कोणी दाखल केलेला नव्हता. कॉलेजला संघटनेची आठवण फक्त नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद, आली की होते, कारण त्यांच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. मला एकदा चहाला बोलावून विचारलं गेलं, "मॅडम, आकडा मार्चच्या आत दाखवता येईल का?" मी म्हटलं, प्लंबर मार्चच्या आत पाठवता येईल का? दोन्ही झालं नाही.

डेट्रॉइटजवळच्या मित्राचं प्रकरण वेगळंच झालं. तो सगळ्यात मोठी रक्कम द्यायला निघाला होता, आणि त्याची कंपनी कर्मचाऱ्याने दिलं तेवढंच स्वतःचं घालते. पण ती घालते तिथल्या 501(सी)(3) नोंदणीच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेला, आमच्या ट्रस्टला नाही. बरं, म्हटलं, तू तुझेच दे. तर तो अमेरिकन नागरिक. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, असलं तरी कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत, आणि ट्रस्टकडे परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. "अरे, माझं पुण्यातलं बँक खातं आहे, रुपयांत देतो." रुपयांत दिले तरी ते परदेशी योगदानच. स्टुटगार्टवाला भारतीय पासपोर्टवर आहे म्हणून त्याचे पैसे बिनबोभाट आले, आणि हा, ज्याचं बालपण कर्वेनगरात गेलं, तो पाचशे रुपयेही देऊ शकला नाही. इतका चिडला की महिनाभर ग्रुपवर बोलला नाही. मोठ्या आयआयटींच्या माजी विद्यार्थ्यांनी अमेरिकेत खास यासाठी संस्था काढून ठेवल्या आहेत, ते का, हे मला तेव्हा कळलं. नंदन नीलेकणींनी 2023 मध्ये आयआयटी मुंबईला 315 कोटी दिले, आधीचे धरून 400, ही बातमी आपण वाचतो. पण पैसे घेता येण्यासाठी संस्थेला किती तयारी करावी लागते, ते बातमीत नसतं.

त्याच्या आईचा मला फोन आला. कर्वेनगरात एकट्या राहतात, वय 78. मुलाने त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांना दुसऱ्याच एका मित्राच्या आईकडून कळलं होतं. "मी माझ्या पेन्शनमधले पाच हजार देते. त्याचे नाहीत हो, माझे. चार वर्षं सकाळी सहाला उठून डबा केला, कॉलेज मात्र कधी बघितलं नाही." मुलाला हे अजिबात आवडलं नाही. मी काकूंना रिक्षाने घेऊन गेले. वर्कशॉपच्या दारात त्या थांबल्या, दोनदा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "त्याच्या शर्टाला यायचा तो वास इथला होय. तीन-तीनदा भिजवायचे मी."

कॉलेजात न शिकलेली माणसंही देतात, हे मला काकूंमुळे पहिल्यांदा कळलं. खरं तर पुण्यात ही गोष्ट जुनीच आहे. शिवाजीनगरला सीओईपीची ती दगडी इमारत आहे ना, तिची पायाभरणी 1865 सालची. तिच्यासाठी मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनींनी 50,000 रुपये दिले होते, आणि ते काही तिथले विद्यार्थी नव्हते. इंजिनिअरिंगच्या शिक्षणात व्यापाऱ्याला कसला रस, याचं उत्तर मला भोसरीत मिळालं. तिथले एक वर्कशॉपवाले आमचे व्हेंडर आहेत, स्वतः सातवी शिकलेले, चौदा लेथ चालवतात. मी सहज बोलून गेले आणि ते म्हणाले, "मी देतो की. तुमची पोरं शिकाऊ म्हणून येतात, त्यांना बोअर गेज धरता येत नाही. माझा ऑपरेटर त्यांना शिकवत बसतो, माझी शिफ्ट जाते. तुम्ही शिकवून पाठवा."

त्यांना एक चालू लेथ द्यायचा होता, फुकट, टेम्पोभाड्यासह. मी आनंदाने कॉलेजला कळवलं. मग सुरू झालं. मशीन आलं की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढणार. त्यासाठी किंमत हवी. किंमतीसाठी मूळ बिल हवं. बिल 1988 चं, ते कुठून आणणार? मग मूल्यांकन समिती. समितीतले एक सर रजेवर. चार महिन्यांनी वर्कशॉपवाल्यांनी तो लेथ जुन्या बाजारात विकून टाकला आणि मला 51,000 चा चेक पाठवला. वर निरोप: "विकायला एक दिवस लागला. द्यायला चार महिने पुरले नाहीत."

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, तो. पाथर्डी तालुक्यातला आमचा वर्गमित्र. पहिल्या आठवड्यातच मी त्याला फोन केला होता आणि बोलता बोलता म्हटलं, "अरे, आपण कॉलेजला डोनेशन गोळा करतोय."

"डोनेशन?" तो हसला. "ते माझ्या वडलांनी 95 सालीच दिलंय. पावतीसुद्धा मिळाली नाही." आणि फोन ठेवला.

महाराष्ट्रात 1983 पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं आली आणि आमच्या पिढीच्या कानात 'डोनेशन' या शब्दाचा एकच अर्थ बसला. त्यानंतर मी फोनवर तो शब्द कधी वापरला नाही. देणगी म्हणायचे. पण त्याचं हसणं डोक्यातून जाईना. सप्टेंबरमध्ये कामानिमित्त मी त्याच्या कारखान्यात गेले. सुप्याला आहे, वीस-बावीस माणसं, शाफ्ट करतात. जेवताना मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुझं काय चुकलं? तू फ्री सीटवाली."

हे शब्द मी पंचवीस वर्षांत ऐकले नव्हते. फ्री सीट आणि पेमेंट सीट. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: 1993 च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने योजना घालून दिली होती. खासगी व्यावसायिक कॉलेजात निम्म्या जागा फ्री, त्यांची फी सरकारी कॉलेजाएवढी. निम्म्या पेमेंट. फ्रीवाल्यांचा जो खर्च फीमधून निघत नाही तो पेमेंटवाल्यांच्या फीमधून काढायचा. माझी फी चार आकडी होती, त्याची पाच आकडी. एकाच बाकावर बसायचो. तो म्हणाला, "फी पावतीने भरली. त्याशिवायचं जे होतं त्याची पावती नव्हती. दोन एकर गेली. बापाने मला सांगितलं नाही, मी बांधावर गेलो तेव्हा कळलं."

मी सदाशिव पेठेतली. वडील बँकेत. बारावीला दोन क्लास, घरात वेगळी खोली. त्याच्या ज्युनियर कॉलेजला फिजिक्सचे सर दिवाळीनंतर आले. माझे मार्क त्याच्याहून थोडे जास्त आणि म्हणून मी फ्री. 2002 साली टी.एम.ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना रद्द करताना नेमकं हेच नोंदवलं होतं. गुण जरासे कमी पडलेली खेड्यातली, गरिबांची मुलं शहरातल्या सधन मुलांचा भार उचलतात, असं. मी तो निकाल त्या रात्री शोधून वाचला. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की मी मेरिटवर, स्वस्तात शिकले. स्वस्तात शिकले खरी. उरलेले पैसे पाथर्डीहून येत होते.

माझी रक्कम मी आधी 25,000 लिहिली होती. ती एक लाख केली. त्यात उदारपणा काही नाही, उशिराची फी भरली म्हणा.

मग माझ्या डोक्यात खूळ शिरलं आणि मी फ्री सीटवाल्यांना पुन्हा फोन करायला घेतले. हा हिशेब सांगितला तर सगळे वाढवून देतील, अशी माझी समजूत. एकाने दुप्पट केले. दोघे भडकले. "मी अभ्यास करून आलो होतो, कोणाच्या बापाच्या पैशावर नाही." बाकीच्यांनी "हं, खरंय" म्हणून विषय बदलला. चौथ्या दिवशी मी ते फोन बंद केले. स्वतःला जे टोचलं ते दुसऱ्याला टोचून पैसे निघत नाहीत.

डिसेंबर 2024 ला संमेलन झालं. 16,40,000 जमले होते, चौतीस जणांचे आणि दोन बाहेरच्यांचे. दहा लाख कायम निधीत. उरलेल्यांतून बारा मायक्रोमीटर, स्लिप गेजचा संच, सरफेस प्लेट पुन्हा लॅप करून घेतली, दोन लेथचं ओव्हरहॉलिंग. प्लंबर येऊन गेला. कुलूप काढलं, आणि ते मी मामांकडून मागून घरी आणलंय. कमानवाल्यांच्या समाधानासाठी लॅबमध्ये ए-फोर कागदाएवढी एक अ‍ॅक्रिलिकची पाटी. तिच्यासमोर फोटो काढायला मात्र अख्खी बॅच, न दिलेलेही. जेवणात गुलाबजाम कमी पडले.

पाथर्डीचा मित्र संमेलनाला आला नाही, देणगीही दिली नाही. जानेवारीत लॅब असिस्टंटचा मला फोन आला, गेटवर एक छोटा हत्ती उभा आहे, वॉचमन सोडत नाहीये, तुमचं नाव सांगतोय. शाफ्ट कापून उरलेले ईएन-8 पोलादाचे तुकडे, वर्कशॉपच्या मुलांना जॉबसाठी चालतील असे, एकेक वीतभर. मी मित्राला फोन लावला. "देणगी नाही ती," तो म्हणाला. "भंगारात घालण्यापेक्षा पोरांनी कापू दे. आणि डेडस्टॉकला चढवू नका म्हणावं, कन्झ्युमेबलला चढवा. तुमच्या लेथचं ऐकलं मी."

चलन मी नंतर पाहिलं. त्याच्या कारखान्याचं नेहमीचंच छापील चलन. माल: राउंड बार, तुकडे, 140 किलो. किंमत: निरंक. खाली दोन चौकोन असतात, रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल. दुसऱ्यावर खूण केली होती.

मामांनी वर्कशॉपच्या काट्यावर वजन केलं. 132 भरलं. रजिस्टरला 132 लिहिलंय.